मोडलेल्या श्रोणीचा शोध

मनुष्य उभा राहतो, चालतो, बसतो, ओझे उचलतो. परंतु ह्या सर्व क्रियांचा भार ज्या हाडांवर पडतो, त्यांची आठवण त्याला क्वचितच होते. डोके, छाती आणि हात ह्यांचे वजन पाठीच्या कण्यातून खाली येते, कमरेपाशी ते दोन वाटांनी विभागले जाते आणि दोन पायांतून जमिनीस पोचते. वजनाची ही विभागणी हाडांच्या ज्या कड्यात होते त्यास शरीरशास्त्रात श्रोणी म्हणतात. मनुष्य पडला आणि हे कडे मोडले, तर ते कसे ओळखावयाचे, हा ह्या पाठाचा विषय आहे.

प्रश्न वरवर सोपा वाटतो. हाड मोडले की क्ष-किरणांनी त्याचे चित्र घ्यावे आणि पाहावे, एवढेच त्याचे उत्तर पुष्कळांस ठाऊक असते. प्रत्यक्षात मात्र श्रोणी हा शरीराचा असा भाग आहे की तेथील तडा पुष्कळदा पहिल्या चित्रात दिसत नाही. 'चित्र चांगले आहे, हाड शाबूत आहे' असे समजून रुग्णास चालावयास लावले जाते आणि मग लपलेला तडा रुंदावतो. हा धोका कसा उद्भवतो आणि विज्ञानाने तो टाळण्याचे कोणते उपाय शोधले, हे समजून घेण्यासाठी आधी श्रोणीची रचना पाहिली पाहिजे.

श्रोणीची रचना

श्रोणीच्या उजव्या व डाव्या बाजूस एकेक मोठे हाड असते. ह्या प्रत्येक हाडाचे तीन भाग असून बालपणी ते निरनिराळे असतात व वाढीच्या वयात एकजीव होतात. वरचा पसरट भाग म्हणजे नितंबास्थी. कमरेवर हात ठेवला असता जी कड हातास लागते, ती ह्याच हाडाची. खालचा भाग म्हणजे आसनास्थी. मांडी घालून बसताना शरीराचा भार ह्यावर येतो. पुढचा भाग म्हणजे जघनास्थी. दोन्ही बाजूंच्या जघनास्थी ओटीपोटाखाली एकमेकींस मिळतात आणि त्यांच्यामध्ये कूर्चेचा एक सांधा असतो. मागील बाजूस कण्याच्या खालच्या टोकास असलेले पाचरीसारखे त्रिकास्थी दोन्ही नितंबास्थींच्या मध्ये बसलेले असते. त्याच्याही खाली लहानसे माकडहाड असते. येणेप्रमाणे पुढे जघनास्थी, बाजूस नितंबास्थी व मागे त्रिकास्थी मिळून एक पुरे कडे तयार होते.

हे कडे नुसत्या हाडांचे नाही. मागील सांध्यांवर शरीरातील अत्यंत बळकट अशा स्नायुबंधांचे आवरण असते. कड्याच्या आत मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय ही इंद्रिये असतात. पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूही तेथूनच जातात. म्हणून श्रोणीचा भंग हा केवळ हाडाचा प्रश्न राहत नाही.

कड्याच्या आकारामुळे एक महत्त्वाचा नियम उत्पन्न होतो. काचेची बांगडी दोन बोटांत धरून दाबली, तर ती सहसा एकाच जागी फुटत नाही. एका बाजूस फुटते तशी समोरच्या बाजूसही फुटते. श्रोणीचेही पुष्कळदा असेच होते. पुढे जघनास्थीत तडा दिसला की मागे त्रिकास्थीत किंवा तेथील सांध्यात काही इजा झाली आहे काय, हे पाहणे वैद्याचे कर्तव्य ठरते. पुढचा तडा शोधण्यास सोपा असतो, मागचा अवघड असतो. जघनास्थीचा भंग झालेल्या वृद्ध रुग्णांची अधिक सूक्ष्म साधनांनी तपासणी केली तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मागील बाजूसही भंग आढळल्याचे अनेक अभ्यासांत नमूद आहे.

शेजारी असलेले दोन भंग

बोलण्यात 'खुबा मोडला' आणि 'कमरेचे हाड मोडले' हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी वापरले जातात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र हे दोन भंग निराळे आहेत. श्रोणीच्या बाहेरील अंगास वाटीसारखी एक खोलगट जागा असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा ह्या वाटीत बसतो आणि खुब्याचा सांधा बनतो. लोक ज्यास खुब्याचे मोडणे म्हणतात तो बहुधा मांडीच्या हाडाच्या मानेचा, म्हणजे त्या गोल माथ्याखालील निमुळत्या भागाचा, भंग असतो. श्रोणीचा भंग म्हणजे कड्याचा भंग.

ह्या दोहोंतील भेद अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ह्यांच्या उदाहरणावरून चांगला समजतो. इ. स. २०१९ च्या मे महिन्यात, वयाच्या ९४ व्या वर्षी, ते जॉर्जिया राज्यातील प्लेन्स ह्या आपल्या गावी पडले आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी ते घरात पुन्हा पडले. ह्या खेपेस श्रोणीस लहानसा तडा गेला. त्यासाठी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि ३ नोव्हेंबर रोजी ते आपल्या गावातील प्रार्थनामंदिरात नेहमीप्रमाणे पाठ शिकविण्यास हजर होते. एकाच मनुष्यास एकाच वर्षात हे दोन्ही भंग झाले, परंतु पहिल्यास शस्त्रक्रिया लागली आणि दुसऱ्यातून ते पंधरवड्याच्या आत पुन्हा कामास लागले. पडण्याची रीत सारखी आणि दुखण्याची जागाही जवळजवळ सारखी. पण उपाय अगदी निराळे. म्हणूनच नेमके कोणते हाड मोडले हे आधी कळणे अगत्याचे असते.

मांडीच्या हाडाच्या मानेतील तडा वेळीच सापडला नाही, तर हाडाचे तुकडे एकमेकांवरून सरकतात आणि गोल माथ्याचा रक्तपुरवठा तुटतो. उलट श्रोणीच्या पुढील भागातील साधा तडा बहुधा शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत भरून येतो. मात्र रुग्णास वेदनाशामक औषधे द्यावी लागतात आणि आधार देऊन लवकर चालविणे हिताचे असते. वृद्ध मनुष्य अंथरुणास खिळला की पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे, फुप्फुसांचा दाह होणे, पाठीस जखमा पडणे ही संकटे ओढवतात. चालावयास लावणे एका भंगात घातक आणि न चालविणे दुसऱ्यात घातक, असा हा पेच आहे. तो चांगल्या चित्रावाचून सुटत नाही.

केवळ हातांनी होणारी परीक्षा

क्ष-किरणांपूर्वीही वैद्य मोडलेली हाडे ओळखत असत. सुश्रुतसंहितेत भग्न ह्या विषयावर स्वतंत्र विवेचन आहे. सांधा निखळणे आणि हाड मोडणे असे दोन मुख्य प्रकार मानून पहिल्याचे सहा व दुसऱ्याचे बारा पोटभेद त्या ग्रंथात सांगितले आहेत. कटीच्या पसरट हाडाचा भंग आणि चिरडलेले जघन ह्यांची गणना वैद्याने सोडून द्यावयाच्या व्याधींत केलेली आहे. त्या काळी अशा रुग्णाच्या पोटात काय घडत आहे हे पाहण्याचे साधन नव्हते आणि आतील रक्तस्राव थांबविण्याचाही उपाय नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या निर्णयाचे मर्म कळते.

आजही परीक्षेचा आरंभ हातांनी व डोळ्यांनीच होतो. पाय आखूड झाला आहे काय आणि पाऊल बाहेरच्या अंगास वळले आहे काय, हे पाहतात. तसे असल्यास मांडीच्या हाडाच्या मानेचा संशय बळावतो. वेदना जांघेत आहे की पाठीच्या खालच्या भागात, मूत्रात रक्त आहे काय, पायांस बधिरपणा आहे काय, हे विचारतात. पूर्वी श्रोणी दोन्ही बाजूंनी हातांनी दाबून व हलवून पाहण्याची पद्धत होती. तिने आत साकळलेले रक्त पुन्हा वाहू लागण्याची भीती असते, म्हणून तसे हलवून पाहणे आता अयोग्य मानले जाते.

सावलीचे चित्र

जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील प्राध्यापक व्हिल्हेल्म राँटगेन ह्यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजी एका नव्या किरणाचा शोध लागला. हा किरण कशाचा आहे हे त्यांस उमगले नव्हते, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांनी त्यास दिले. मराठीत अज्ञात राशीस 'क्ष' म्हणतात. त्यावरून क्ष-किरण हे नाव रूढ झाले. ह्या शोधाबद्दल राँटगेन ह्यांस १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातही ही विद्या लवकर आली. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू ह्यांनी क्ष-किरणांचे उपकरण तयार केले होते. पाठ मोडलेल्या एका रुग्णाची त्या उपकरणाने पाहणी करावयाची असल्याचा उल्लेख रवींद्रनाथ ठाकूर ह्यांस त्यांनी लिहिलेल्या पत्रात आढळतो.

क्ष-किरणचित्र म्हणजे वस्तुतः एक सावली होय. मांस व चरबी ह्यांतून हे किरण बरेचसे पार जातात. हाडांतील कॅल्शियम त्यांना अधिक अडविते. जेथे किरण पोचतात तेथे चित्र काळे होते, जेथे अडतात तेथे पांढरे राहते. सावलीचे सर्व गुणदोष ह्या चित्रात येतात. पुढची व मागची हाडे एकाच पृष्ठावर एकमेकांवर पडतात आणि खोलीचे ज्ञान होत नाही.

तडा कधी दिसतो आणि कधी लपतो, हे एका सोप्या प्रयोगाने कळते. अंधाऱ्या खोलीत मेजावर दोन जाड पुस्तके शेजारी शेजारी उभी करावीत व त्यांच्यामध्ये पेन्सिलीच्या जाडीइतकी फट ठेवावी. हातभर अंतरावरून, फटीच्या अगदी सरळ रेषेत, विजेरीचा प्रकाश टाकावा. समोरच्या भिंतीवर सावलीच्या मधोमध प्रकाशाची उभी रेघ उमटते. आता विजेरी वीतभर बाजूस सरकवावी. रेघ नाहीशी होते आणि भिंतीवर एकसंध सावली पडते. फट होती तशीच आहे. प्रकाशाची दिशा मात्र बदलली आहे. हाडातील तड्याचेही असेच आहे. किरण तड्याच्या दिशेने गेले तर तडा दिसतो, तिरपे गेले तर हाड अखंड भासते.

ह्याच कारणाने श्रोणीची चित्रे गरजेप्रमाणे निरनिराळ्या दिशांनी घेतात. रुग्णास उताणे निजवून समोरून एक चित्र घेतात. किरणांची नळी पायांच्या दिशेस झुकवून घेतलेल्या चित्रात कड्याचे वरचे तोंड दिसते, तर डोक्याच्या दिशेस झुकवून घेतलेल्या चित्रात त्रिकास्थीचा दर्शनी भाग उलगडतो. खुब्याच्या वाटीसाठी तिरप्या दिशेने चित्रे घेण्याची पद्धत फ्रान्समधील झ्यूदे व लतूर्नेल ह्या शल्यवैद्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केली. चित्र वाचणारा तज्ज्ञ हाडांच्या कडांच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजरेने तपासतो आणि उजवी बाजू डावीशी ताडून पाहतो. मांडीच्या हाडाच्या मानेची आतली कड आणि जघनास्थीची खालची कड मिळून एक सलग कमान होते. तिला शेंटनची रेषा म्हणतात. ही कमान मध्येच तुटलेली वा पायरी पडल्यासारखी दिसली, तर ते भंगाचे लक्षण समजतात.

इतकी काळजी घेऊनही त्रिकास्थी फसविते. ते वक्र व तिरपे असते, त्याच्यासमोर आतड्यांतील वायू व मळ ह्यांच्या छाया पडतात. शिवाय वृद्धापकाळी हाडांतील कॅल्शियम कमी झालेले असते, त्यामुळे हाड व मांस ह्यांच्या छायांतील फरकच मंदावतो. मांडीच्या हाडाच्या मानेतही तडा न सरकता राहिला तर तो दिसत नाही. खुब्याच्या भंगांपैकी शेकडा दोन ते दहा भंग पहिल्या क्ष-किरणचित्रात लपून राहतात, असा सामान्य अनुभव आहे.

चकत्यांचे चित्र

एकमेकांवर पडलेल्या छाया निरनिराळ्या करण्याची युक्ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्याने सिद्ध केली. काकडी अखंड असताना तिच्या आतील किडका भाग दिसत नाही. चकत्या केल्या की तो दिसतो. मनुष्याच्या चकत्या करता येत नाहीत, पण गणिताने त्या कागदावर करता येतात. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरवून शेकडो दिशांनी किरण किती अडले हे मोजावयाचे, आणि त्या सर्व मापांवरून प्रत्येक बिंदूची घनता संगणकाने काढावयाची, असे ह्या रीतीचे तत्त्व आहे. त्यास संगणकीय छेदचित्रण अथवा सी. टी. स्कॅन म्हणतात. लंडनमधील अॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी ह्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. हाउन्सफील्ड आणि ह्या रीतीचे गणित आधी मांडणारे अॅलन कॉर्मॅक ह्यांस १९७९ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हाउन्सफील्ड ह्यांच्या नावाच्या मापात पाण्याची घनता शून्य, हवेची उणे एक हजार आणि कठीण हाडाची एक हजारापर्यंत किंवा त्याहूनही अधिक धरतात. आजच्या यंत्रास सबंध श्रोणीचे चित्रण करण्यास काही सेकंद पुरतात. त्रिकास्थीतील तडा, खुब्याच्या वाटीतील तुकडे, मागील सांध्याचे उघडणे ह्या गोष्टी त्यात स्पष्ट होतात. सर्व चकत्या जोडून हाडांची घनाकृती पडद्यावर फिरविता येते आणि शल्यवैद्य तीवरून शस्त्रक्रियेची आखणी करतो.

छपरावरून, झाडावरून किंवा बांधकामाच्या परातीवरून पडलेल्या मनुष्याच्या बाबतीत सी. टी. स्कॅनचे महत्त्व आणखी मोठे आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. कडे मोठ्या आघाताने उघडले, तर त्यातील दोन लिटर वा अधिक रक्त बाहेर एक थेंबही न दिसता श्रोणीत साठू शकते. शिरेतून रंजक द्रव्य देऊन चित्रण केले की रक्त कोठून झिरपते ते दिसते, आणि त्या रक्तवाहिनीत बारीक नळी नेऊन ती आतून बंद करता येते. ध्वनिलहरींच्या यंत्रास हाडाच्या आत पाहता येत नाही. परंतु पोटात रक्त साठले आहे काय, हे ते रुग्णाच्या खाटेपाशीच काही मिनिटांत सांगते. सुश्रुताच्या काळी जे असाध्य होते, त्यापैकी पुष्कळ अशा साधनांमुळे साध्याच्या कोटीत आले आहे.

क्ष-किरणांची मात्रा मात्र येथे अधिक असते. पृथ्वीवरील सरासरी मनुष्यास निसर्गातूनच दरवर्षी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो. श्रोणीच्या एका साध्या चित्रास अर्ध्या मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा लागते, तर सी. टी. स्कॅनला तिच्या सुमारे दसपट. म्हणून लहान मुले व गर्भवती ह्यांच्या बाबतीत विशेष विचार करूनच त्याचा अवलंब करतात. सत्तरीच्या रुग्णाच्या बाबतीत न सापडलेल्या भंगाचा धोका ह्या मात्रेच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो.

पाण्याचे चित्र

काही तडे इतके सूक्ष्म असतात की कॅल्शियमच्या रचनेत डोळ्यास दिसण्याजोगा बदलच होत नाही. तेथे हाडाऐवजी हाडाच्या आतील मज्जा पाहणारे साधन उपयोगी पडते. त्यास चुंबकीय अनुस्पंदन चित्रण अथवा एम. आर. आय. म्हणतात. पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ मध्ये ह्या रीतीने पहिली चित्रे प्रसिद्ध केली, पीटर मॅन्सफील्ड ह्यांनी ती वेगवान केली, आणि २००३ मध्ये दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले.

ह्या यंत्रात क्ष-किरण नसतात. रुग्णास एका प्रबळ चुंबकाच्या पोकळीत निजवितात. रुग्णालयांत नेहमी आढळणाऱ्या दीड टेस्ला चुंबकाचे बल पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट असते. पाणी व चरबी ह्यांतील हायड्रोजनची अणुकेंद्रे त्या चुंबकात दर सेकंदास सुमारे ६ कोटी ४० लक्ष वेळा गिरकी घेतात. तितक्याच कंपनसंख्येच्या रेडिओलहरी सोडल्या की ती डळमळतात, आणि पूर्ववत् होताना स्वतः संदेश देतात. पाण्यातील व चरबीतील केंद्रांचे संदेश थोडे निराळे असतात. वृद्धाच्या हाडातील मज्जा बहुतांशी चरबीची असते. हाडास तडा गेला की तेथे रक्त व द्रव झिरपतो, म्हणजे चरबीत पाणी शिरते. चरबीचा संदेश दाबून टाकला की काळ्या पार्श्वभूमीवर भंगाची जागा उजळून दिसते. क्ष-किरणचित्रात काहीही न दिसलेला तडा ह्या चित्रात पहिल्या दिवशीच उघड होतो. इंग्लंडच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शनात २०११ पासून असे सांगितले आहे की, साध्या चित्रात भंग दिसला नाही, पण खुबा मोडल्याचा संशय कायम असेल, तर एम. आर. आय. करावे, तो चोवीस तासांत होण्यासारखा नसेल किंवा रुग्णास चालण्यासारखा नसेल, तर सी. टी. स्कॅन विचारात घ्यावा. हृदयाची गती राखणारे जुने यंत्र अथवा काही प्रकारचे धातू शरीरात असलेल्यांस हा चुंबक वर्ज्य असतो.

आणखी एक साधन किरणोत्सर्गी द्रव्याचे आहे. टेक्नेशियम-९९ एम नावाचे, सहा तासांत निम्मे होणारे द्रव्य शिरेतून देतात. हाड जेथे स्वतःस नव्याने बांधीत असते तेथे ते गोळा होते. त्रिकास्थीच्या दोन्ही बाजू व मध्यभाग मोडला असल्यास चित्रात दोन उभ्या रेघा व त्यांस जोडणारी एक आडवी रेघ उमटते. मात्र वृद्धांत दुरुस्तीचे काम मंद चालत असल्यामुळे पहिल्या काही दिवसांत हे चित्र निरुत्तर राहू शकते.

एका शहराचे उदाहरण

ही साधने कोणत्या क्रमाने वापरावयाची, हे समजण्यासाठी लखनौ शहराचे उदाहरण घेऊ. त्या शहरात गोमती नदीच्या उत्तरेस विकास नगर ही वस्ती आहे, आणि नदीपलीकडे चौक भागात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ आहे. इ. स. १९११ मध्ये महाविद्यालय म्हणून सुरू झालेल्या ह्या संस्थेत अपघातातील रुग्णांसाठी स्वतंत्र केंद्र आहे.

समजा, विकास नगरातील एक सत्तर वर्षांची गृहिणी न्हाणीघरात कुशीवर पडली. तिला उठवत नाही. घरच्यांची पहिली इच्छा तिला बगलेत धरून उभे करण्याची असते; तीच टाळली पाहिजे. तिला आहे तेथेच उताणे ठेवावे, दोन्ही गुडघे सैलसर एकत्र बांधावेत आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून झोळीवर किंवा फळीवर निजवून न्यावे. रिक्षात बसवून नदीपलीकडे नेण्याचा मोह आवरावा. वाटेतील प्रत्येक खड्डा तड्यास रुंदावू शकतो. गच्चीवरून पडलेल्या रुग्णाच्या बाबतीत रुग्णवाहिकेतील लोक रुंद पट्टा खुब्याच्या उंचवट्यांच्या पातळीवर आवळतात. तो कमरेवर बांधला तर उपयोग होत नाही, कारण कडे मिटते ते खालून.

रुग्णालयात नाडी व रक्तदाब पाहून आधी रक्तस्रावाचा विचार होतो. त्यानंतर समोरून क्ष-किरणचित्र घेतात. त्यात मांडीच्या हाडाच्या मानेचा भंग दिसला, तर शक्यतो एकदोन दिवसांत शस्त्रक्रिया करण्याचा प्रयत्न असतो. जघनास्थीत तडा दिसला, तर बांगडीचा नियम आठवून मागच्या बाजूचा शोध सी. टी. स्कॅनने घेतात. काहीच दिसले नाही, पण पाय टेकताच जांघेत कळ येते, तर काय करावयाचे? येथेच सर्वांत अधिक चुका होण्याचा संभव असतो. अशा वेळी रुग्णाची वेदना हाच पुरावा मानून एम. आर. आय. अथवा सी. टी. स्कॅन करणे योग्य ठरते.

हाडे ठिसूळ का होतात

तरुण मनुष्य न्हाणीघरात पडला तर बहुधा खरचटण्यावर निभावते. वृद्धाचे हाड तेवढ्याच आघाताने मोडते, कारण हाड विरळ झालेले असते. ह्या बाबतीत लखनौतीलच एक अभ्यास बोलका आहे. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था ह्या १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत आर्या, भांबरी, गोडबोले व मिथल ह्या संशोधकांनी रुग्णालयातील निरोगी कर्मचाऱ्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व मोजले. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाचे बहुतेक महिने जेथे ऊन असते अशा शहरात, तपासलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. ऊन आकाशात असणे आणि ते अंगावर पडणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

ड जीवनसत्त्वाची उणीव पराकोटीस गेली की नव्या हाडात कॅल्शियम नीट बसत नाही व हाडे मऊ पडतात. अशा रुग्णांच्या जघनास्थीत किंवा मांडीच्या हाडाच्या मानेत, न पडताही, तड्यासारखे पट्टे दिसतात. स्वित्झर्लंडमधील शल्यवैद्य लूझर ह्यांच्या नावाने ते ओळखले जातात. ते बहुधा दोन्ही बाजूंस सारख्या जागी आढळतात. चित्र वाचणाऱ्याने हे ओळखले, तर रुग्णास केवळ विश्रांती न मिळता मूळ रोगावर औषधही मिळते. ह्याप्रमाणे भंगाचे चित्र कधी कधी सबंध सांगाड्याच्या प्रकृतीची वार्ता देते. म्हणून साध्या पडण्याने हाड मोडलेल्या प्रत्येक वृद्धाच्या हाडांची घनता मोजणे, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व ह्यांचा पुरवठा पाहणे आणि न्हाणीघरात धरावयास दांडी व रात्री दिवा ह्यांची व्यवस्था करणे, हाही उपचाराचाच भाग होय.

उपसंहार

क्ष-किरणांनी हाडाची सावली दाखविली, संगणकाने त्या सावलीच्या चकत्या केल्या, चुंबकाने हाडात शिरलेले पाणी दाखविले. प्रत्येक साधन निराळ्या प्रश्नाचे उत्तर देते. कोणतेही एक साधन सर्व प्रश्नांचे उत्तर देत नाही. तेव्हा 'चित्रात भंग दिसत नाही' ह्या वाक्याचा अर्थ 'भंग नाही' असा घ्यावयाचा नसून 'ह्या साधनाने, ह्या दिशेने पाहता भंग दिसला नाही' एवढाच घ्यावयाचा असतो. वृद्ध मनुष्य पडल्यानंतर उभा राहू शकत नसेल, तर त्याच्या तक्रारीस हट्ट किंवा भित्रेपणा म्हणण्यापूर्वी घरच्यांनी आणि वैद्यांनीही हा भेद ध्यानात घेतला पाहिजे.

स्वाध्याय

१. श्रोणीच्या कड्यास बांगडीची उपमा का दिली आहे? ह्या उपमेवरून वैद्यास कोणता बोध घेता येतो?
२. दोन पुस्तके व विजेरी ह्यांचा प्रयोग करा. विजेरी किती सरकविली असता प्रकाशाची रेघ नाहीशी होते ते मोजा. फट अर्धी केली तर काय होते?
३. सी. टी. स्कॅन व एम. आर. आय. ह्यांपैकी कोणते साधन कॅल्शियमवर आणि कोणते पाण्यावर अवलंबून आहे? लपलेला तडा दुसऱ्या साधनास का दिसतो?
४. घरात कोणी पडल्यास पहिल्या दहा मिनिटांत काय करावे व काय टाळावे, ह्याची यादी तयार करून वर्गात वाचा.